सव्वातीन

महीच्या पात्रात उभी फ्रेंच विहीर,
तिच्या डोक्यावर गोल खोली,
खोलीत करड्या रंगाचं कपाट
आणि कपाटात वहीएवढा कंट्रोलर.
पंप तो चालू करतो, तोच बंद करतो.
सकाळी सहाला बडोद्याच्या नळांना पाणी येतं
त्यात त्याचा हात असतो,
हे भांडी लावून बसलेल्या कुणाच्या गावीही नसतं.

कंपनीने दिलेला पासवर्ड
त्याच्या कुशीवरच्या स्टिकरवर छापलेला होता.
नऊ वर्षं कुणी बदलला नाही.
दाराला भलंथोरलं कुलूप
आणि किल्ली पायपुसण्याखाली.

मंगळवारी लॉग उघडला.
एका रात्रीत चार हजार एकशे बारा वेळा
कुणीतरी दार वाजवलं होतं.
रूट. ॲडमिन. रूट. टेस्ट. रूट. ऑपरेटर. रूट.
ज्या गावाचं नाव मला उच्चारता येत नाही तिथून,
किंवा ते नाव पांघरून मागच्याच गल्लीतून.
चिडत नाही, दमत नाही, चहाला थांबत नाही.
विश्वामित्रीच्या पुलावरून
ओंडका समजून आपण बघत राहतो
आणि ओंडका डोळे मिटतो, तसं काहीतरी.

मग ज्यांना आत सोडायचं त्यांची यादी पाहिली.
तीन किल्ल्या.
एक माझी.
एक कंत्राटदाराची,
ज्याचं कंत्राट दोन दिवाळ्यांपूर्वीच संपलं.
तिसऱ्या लांबलचक अक्षरांच्या शेपटाला नाव होतं:
खोपकर, घरचा संगणक.

खोपकर साहेबांना निवृत्त होऊन चौदा महिने झाले.
आणि रोज रात्री सव्वातीनला
रावपुऱ्यातून कुणीतरी आत येत होतं,
पाण्याची पातळी विचारत होतं,
नुसती विचारत होतं,
आणि बाहेर पडत होतं.
अकरा सेकंद. कधी बारा.
ऑगस्टात फक्त नऊ रात्रींचा खाडा,
बायपास झाली तेव्हाचा.

फोन केला. बराच वेळ ऐकून घेतलं.
"काढ," म्हणाले.
मीच सांगणार होतो, असं मात्र म्हणाले नाहीत.
मग थोड्या वेळाने:
"एक सेशन उघडं ठेव, मगच सर्व्हिस रीस्टार्ट कर.
नाहीतर स्वतःच बाहेर राहशील
आणि अंधारात नदीवरच्या पुलावरून चालत जाशील."
हे त्यांनीच शिकवलं होतं मला, पहिल्या आठवड्यात.
तेव्हा मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

रूटला बाहेरून येणं बंद.
पासवर्डने कुणालाच येणं बंद.
फक्त किल्ली, आणि तीही
कंट्रोल रूममधल्या या एकाच पत्त्यावरून.
स्टिकरवरचा पासवर्ड बदलला.
नवा टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही,
टिंबसुद्धा नाही.
अंधारात आरशाशिवाय कुंकू लावावं,
तसा हात आपला आपण जातो.

कंत्राटदाराची ओळ एका फटक्यात गेली.
खोपकरांच्या ओळीवर
कर्सर लुकलुकत राहिला.
हसमुखभाईंनी चहा ठेवला, म्हणाले,
"बेन, थयुं?"
मी म्हटलं, "थयुं."
आणि मग पुसली.

जुनी खिडकी उघडी ठेवून
नव्या खिडकीतून माझंच दार मी वाजवलं.
उघडलं.

घरी जायचं सोडून बसून राहिले.
दूरदेशीची ठकठक चालूच होती,
फक्त आता आत ऐकू येत नव्हती.
तीन वाजून पंधरा मिनिटांनी
लॉगमध्ये एक ओळ आली.
रावपुरा. नाकारले.
दुसरी ओळ येईल म्हणून वाट पाहिली.
नाही आली.
चार हजार एकशे बारा वेळा ठोठावणाऱ्यांच्या गर्दीत
हे एकदाच.

सवय असेल.
किंवा माझं काम तपासलं असेल.
दोन मिनिटांनी मोबाइल थरथरला:
"नीट बसलंय. पातळी?"

हे कुठल्या नियमात बसतं
ते मी पाहिलं नाही.
लिहिलं: चार मीटर वीस.
पाणी यायला अजून पावणेतीन तास होते.